धर्मकाटा

करंजी फाट्यावर, जिनिंगच्या जरा अलीकडे,
पत्र्याच्या खोलीवर निळ्या रंगात लिहिलंय: धर्मकाटा.
रफार उडालाय. नवा माणूस वाचतो, धमकाटा.

आत दोन खुर्च्या. एकीवर मी, पावत्या छापणारी,
दुसरीवर कवडू झाडे, वय त्रेसष्ट,
देव न मानणारा.

नाव तेवढं देवाच्या भीतीनं पडलेलं.
आधीची दोन पोरं गेली, म्हणून आईनं ह्याला
सुपात घालून शेजारणीला कवडीला विकला,
आणि शेरभर ज्वारी देऊन परत आणला,
की वरच्याला वाटावं, हा यांचा नाहीच.
"जो कवडीत फसते," कवडू म्हणे,
"त्याले मी काय भ्यावं?"

सकाळी मालक काट्याला उदबत्ती ओवाळतो,
आकड्यांच्या डब्यावर झेंडूची माळ घालतो.
कवडू तेवढा वेळ बाहेर चहा पितो.
मग येऊन माळ बोटानं सरकवतो:
आकडा दिसला पाहिजे.

शब्बीर ड्रायव्हर वजनाआधी न सांगता उतरतो,
क्लीनरला उतरवतो, पाण्याची कॅनसुद्धा.
"वर हिशेब द्यायचा हाये, काका."
"तुहा हिशेब वर, माहा खाली. किलो तोच."
आणि दोघं एका काडीवर दोन बिड्या पेटवतात.

मी गुरुवार धरते.
एकदा विचारलं, कोणीच पाहत नसलं, काका,
तर काहून?
"तू हायेस ना."
आणि मी नसले तर?
तो बोलणार होता बहुतेक. पण गाडी आली.

डिसेंबरात फलाट आणि भिंतीच्या फटीत
एक दगड अडकला.
कवडूला सापडला तिसऱ्या दिवशी,
बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरल्यावर.
तोवर अकरा गाड्या,
दर गाडीमागं वीसेक किलो कापूस
दगडानं खाल्लेला.

मला दुसऱ्याच दिवशी शंका आली होती.
सायखेड्याचा माणूस आकडा बघून थांबला,
मग म्हणाला, माहंच चुकलं असन मोजताना.
मी पावती फाडून दिली.
गुरुवार होता. रात्री पोथी वाचली,
एकाही ओळीला अडखळले नाही.

मालक म्हणाला, देवाची इच्छा.
दगड काय आपण ठेवला?
कवडू म्हणाला, "काढला तं आपणच ना."
आणि माझ्याकडून अकरा नावं लिहून घेतली.
लिहिताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.
हे बरं केलं की वाईट,
अजून ठरवता येत नाही मला.

तीन रात्री त्याची लुना गावोगाव फटफटत गेली.
दहा जण आले, भांडले, पैसे घेऊन गेले.
मालकानं आठवडाभर कवडूला चहा सांगितला नाही.
अकरावी पार्बता कुमरे, एका डोळ्यानं अधू,
आली नाही. तिचे पैसे कवडूच घेऊन गेला.

हे मला तिनंच सांगितलं, एप्रिलमध्ये,
हिरवा चष्मा लावून काट्यावर आली तेव्हा.
"मी म्हनलं त्याले, जंगोमायनं धाडलं तुले.
तो म्हने, हो."

हो?
मला हसूच आलं. मग आलं नाही.
ती गेल्यावर विचारलं: काका, खोटं बोलले?
तो रिकामा काटा शून्यावर आणत होता.
"सकाळी तिच्या डोळ्याचं आपरेशन होतं," म्हणाला.
"सोबतीले कोनी नव्हतं."

तो दगड आता खिडकीत असतो,
पावत्या उडू नयेत म्हणून.
कोणीतरी त्याला शेंदूर लावलाय. मी नाही.
कवडूनं पुसला नाही, हात जोडले नाहीत.

मी फक्त एकदा, दुपारी, कोणी नसताना,
तो फलाटाच्या मधोमध ठेवून आले
आणि आत येऊन आकडा पाहिला.
काटा दहा किलोच्या खालचं मोजत नाही.
शून्य होतं.